तुम्ही विचारा : सैन्य नाही, राजा नाही, मग ख्रिस्ती धर्म पसरला कसा?

प्रश्न : आम्ही हिंदूच, पण नवस बोललेला असल्यामुळे फेब्रुवारीत बाळ येशूच्या यात्रेला दरवर्षी जातो. यंदा रांगेत मुलीने विचारलं, येशू तर तिकडे यरुशलेमला, मग हा धर्म जगभर गेला कसा? मी सांगितलं की रोमच्या कॉन्स्टंटाइन बादशहाने सगळ्यांवर लादला. बरोबर ना? (एक आई, नाशिक रोड)

उत्तर : नाही ताई, हे जरा उलटं झालं. ३१३ मध्ये कॉन्स्टंटाइन आणि पूर्वेकडचा बादशहा लिसिनियस या दोघांनी मिळून जे ठरवलं त्यात लादणं नव्हतंच, ज्याला जो देव भजायचाय तो भजा, ख्रिस्ती लोकांची जप्त केलेली जागा परत द्या, एवढंच. साम्राज्याचा अधिकृत धर्म वगैरे झाला तो ३८० मध्ये, थिओडोसियस बादशहाच्या हुकमाने. आणि येशूला क्रुसावर दिलं ते साधारण ३० च्या सुमारास, पंतय पिलात तिथला सुभेदार असताना. म्हणजे मधे पावणेतीनशेच्या वर वर्षं गेली आणि तेवढ्यात राजाचा हात पाठीवर नसताना हे लोक सिरिया, तुर्कस्तान, ग्रीस, इजिप्त, रोम, कार्थेज सगळीकडे पोचले होते.

कसे पोचले? मला विचाराल तर पोटापाण्यासाठी फिरणाऱ्या माणसांमुळे. अक्विला आणि प्रिस्किल्ला हे जोडपं बघा, तंबू करायचा धंदा, क्लौद्य बादशहाने साधारण ४९ मध्ये यहुद्यांना रोममधून बाहेर काढलं म्हणून हे ग्रीसमधल्या करिंथला आले, तिथं येशूचा प्रचार करत फिरणारा पौल भेटला, तो पण तंबूवालाच, म्हणून त्यांच्याकडेच राहून काम करायला लागला, मग तिघं आजच्या तुर्कस्तानातल्या इफिसला गेले आणि पुढे पौल रोमला पत्र लिहितो तेव्हा हे दोघं परत रोममध्ये, आणि त्यांच्या घरात मंडळी जमतेय! फिलिप्पैची लुदिया जांभळं कापड विकायची, मंडळी तिच्या घरी. चर्चची बिल्डिंग वगैरे प्रकार तेव्हा नव्हताच, घरातच सगळं. सिरियात युफ्रेटिस नदीकाठी दुरा युरोपस नावाच्या गावात असं एक घर खोदकामात सापडलंय, २४० च्या आसपास भिंत पाडून मोठी खोली केलेली, बाप्तिस्म्याचा हौद, वर मेंढपाळाचं चित्र. कुणाच्या तरी राहत्या घरात केलेलं रिनोव्हेशन, बाकी काही नाही.

रस्ते रोमने बांधलेले होते आणि पूर्वेकडच्या शहरांत ग्रीक बोललं की भागायचं. गावोगाव यहुद्यांची सभास्थानं होती, पौल नव्या गावात गेला की आधी तिथंच जायचा. आणि ४९ च्या सुमारास यरुशलेमला बसून ठरलं की यहुदी नसलेल्यांना ख्रिस्ती व्हायला सुंता करायची गरज नाही. हा निर्णय झाला नसता तर हा यहुद्यांतलाच एक पंथ राहिला असता असं माझं स्पष्ट मत आहे.

धंद्याचंच निघालंय म्हणून सांगतो, इफिसला अर्तमी देवीचं जगप्रसिद्ध देऊळ होतं आणि तिथले सोनार देवीचे चांदीचे छोटे देव्हारे करून विकायचे, आपल्या सराफ बाजारात देवाचे टाक मिळतात ना तसंच. पौलामुळे गिऱ्हाईक तुटेल म्हणून त्यांनी गावात दंगा केला, हे बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकातच लिहिलंय. पुढे ११२ च्या सुमारास काळ्या समुद्राकाठचा रोमन सुभेदार प्लिनी बादशहा त्राजानला पत्र लिहून विचारतो की या ख्रिस्ती लोकांचं करायचं काय, शहरातच नाही तर खेड्यापाड्यात पण शिरलेत, बळीच्या मांसाला गिऱ्हाईक मिळेनासं झालं होतं ते आता कुठे परत मिळायला लागलंय. ख्रिस्ती नसलेला माणूस, तो पण सरकारी, तक्रारीच्या सुरात हे लिहितो म्हणून मला ते जास्त खरं वाटतं.

आणि पैसा गरिबांवर खर्च व्हायचा हे विसरू नका. २५१ च्या सुमारास रोमचा बिशप कॉर्नेलियस लिहितो की आमची मंडळी दीड हजारावर विधवा आणि गरजू लोकांना पोसते. पुढे ज्युलियन नावाचा बादशहा, जो स्वतः जुन्या देवांकडे परत गेला होता, तो चिडून म्हणतो की हे लोक स्वतःचे गरीब तर सांभाळतातच वर आमचे पण सांभाळतात. मुलीला एवढं सांगा, नुसता राजा सांगू नका.

प्रश्न : ख्रिस्ती लोकांना रोज सिंहापुढे टाकायचे हे व्हॉट्सअॅपवर येतं ते खरं का? (कॉलेज रोड)

उत्तर : रोज नाही. छळ झाला, ६४ मध्ये रोमला आग लागली, त्यानंतर नीरो बादशहाने तिथं भयंकर हाल करून मारलं, पण पुढची बरीच वर्षं तो गावापुरता आणि सुभेदाराच्या मर्जीवर होता. त्राजानने तर प्लिनीला कळवलं की शोधत फिरू नका आणि निनावी तक्रारी घेऊ नका. पूर्ण साम्राज्याला लागू असा हुकूम काढला डेसियस बादशहाने, २५० च्या सुमारास, सगळ्यांनी देवांना बळी द्यायचा आणि तसा दाखला घ्यायचा, ते पपायरसवरचे दाखले इजिप्तमध्ये सापडलेत. काहींनी पैसे चारून दाखला मिळवला, मग अशांना मंडळीत परत घ्यायचं का यावर त्यांच्यात केवढी भांडणं! सगळ्यात मोठा छळ ३०३ पासून डायोक्लेशियन बादशहाच्या काळात.

प्रश्न : नाताळ पहिल्यापासून २५ डिसेंबरलाच का? (पंचवटी)

उत्तर : नाही. पहिला मोठा सण म्हणजे ईस्टर. २५ डिसेंबरची जुनी पक्की नोंद रोमची, चौथ्या शतकातली.

प्रश्न : येशूचा शिष्य थोमा इ.स. ५२ मध्ये भारतात आला म्हणतात. मग आपल्या महाराष्ट्रात ख्रिस्ती धर्म इंग्रजांच्या किती आधी आला? (गंगापूर रोड)

उत्तर : ५२ हे साल केरळच्या सिरियन ख्रिस्ती लोकांच्या परंपरेतलं आहे, त्या काळचा लेखी पुरावा नाही. पण येणं अशक्य होतं असं कुणी म्हणत असेल तर ते चूक, कारण मिऱ्यांसाठी रोमन जहाजं केरळच्या मुझिरिस बंदरात येतच होती. थोमाची एक जुनी कथा तिसऱ्या शतकातली, त्यात तो गोंडोफरनीस नावाच्या राजासाठी राजवाडा बांधायला येतो. हा राजा काल्पनिक वाटायचा, मग एकोणिसाव्या शतकात वायव्येकडे त्याची नाणीच मिळाली! त्याने थोमा आला हे सिद्ध होत नाही, पण कथा रचणाऱ्याला इकडची खबर होती हे नक्की.

आपल्याकडे परदेशी माणसं त्याच शतकांत येत होती, पांडवलेण्यांत १७ नंबरचं लेणं इंद्राग्निदत्त नावाच्या यवनाने, म्हणजे ग्रीक माणसाने, कोरवून दिलंय, तसा लेखच आहे तिथं. तो बौद्ध दानी, ख्रिस्ती नाही, उगाच घोळ करू नका. ख्रिस्ती लोकांचा उल्लेख येतो सहाव्या शतकात. कॉस्मस नावाचा अलेक्झांड्रियाचा व्यापारी लिहितो की मिऱ्यांच्या मलबारात ख्रिस्ती आहेत आणि कल्लियाना इथं इराणहून नेमलेला बिशप आहे. हे कल्लियाना म्हणजे आपलं ठाण्याजवळचं कल्याण असं बरेच अभ्यासक मानतात. म्हणजे इंग्रज काय, पोर्तुगीजांच्याही जवळपास हजार वर्षं आधी, आणि तेही युरोपातून नाही, इराणमार्गे.