खारपाणपट्ट्यातल्या (विदर्भातल्या पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खाऱ्या भूजलाचा पट्टा) आमच्या गावतळ्याचं पाणी दरवर्षी जास्त खारट होत चाललंय. ते कमी कसं करावं?

आधी तुरटीचा विचार सोडा. तुरटीनं गढूळपणा बसतो, विरघळलेलं मीठ नाही. उन्हानं पाणी उडून जातं, क्षार मात्र तळ्यातच राहतात. विदर्भाचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको! त्यामुळे उपाय खरा एकच: खारं पाणी बाहेर, पावसाचं आत.

मे अखेरीस उरलेलं पाणी सर्वात खारट असतं. ते नाल्यात सोडायची सोय करा, पण खाली कोणाची विहीर वा शेत नाही ना, हे आधी बघा. सांडवा वरच्या पाण्याचा असतो. खारं पाणी जड म्हणून तळाशी राहतं, तेव्हा निचरा तळातून हवा. अर्धं पाणी बदललं तर क्षारही साधारण अर्धे होतात. पाणी येणारे चर पावसाआधी मोकळे करा.

बोअरचं पाणी तळ्यात सोडत असाल तर आजच बंद करा. पूर्णेच्या खोऱ्यात भूजलच खारं आहे. म्हणूनच गाळ काढताना फार खोल जाऊ नका, नाहीतर खालचं खारं पाणी पाझरून वर येईल. जिप्सम चोपण (सोडियम जास्त असलेल्या) जमिनीसाठी ठीक, तळ्यात टाकलं तर क्षार वाढतीलच.

टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मोजणारा मीटर स्वस्त मिळतो, दर महिन्याला मोजा. पिण्यासाठी मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम, दुसरा स्रोतच नसेल तर २०००.

आणि हे लोणारच्या खाऱ्या सरोवराला लावू नका, तिथला खारेपणा जपायचा आहे.