पिल्लाआधी त्याची माय पाहा

पत्र

माई, नमस्कार. आम्ही दारव्हा तालुक्यातल्या एका गावात राहतो. घरात सासू-सासरे, आम्ही दोघं आणि नऊ वर्षांची मुलगी. मुलीला कुत्र्याचं पिल्लू पाहिजे. आमच्या घरी आजवर कधी कुत्रं नव्हतं, पण यांनी तिला परस्पर कबूल करून टाकलं. यांच्या भाच्यानं फोनवर एक विकणारा शोधला, नागपूरचा आहे म्हणतो. लॅब्राडॉर, डबल बोन, कागदासकट बारा हजार. पिल्लू तीस दिवसांचं आहे, ट्रॅव्हल्सच्या गाडीत टाकून देतो म्हणाला. यांनी दोन हजार इसार पाठवूनही दिला. मामंजी म्हणतात, पैसे कशाला घालवता, धुऱ्याला लागून असलेल्या वावरातल्या कोठ्यात गावठी कुत्री व्यायली आहे, पाच पिल्लं आहेत, एक उचलून आणू. सासूबाईंना दोन्ही नको. त्यांच्या माहेरी पिसाळलेलं कुत्रं चावून एक मुलगा गेला होता, ते त्या विसरल्या नाहीत. मला कोणाचंच मन मोडायचं नाही. त्यात कापूस वेचणी सुरू आहे. कोणतं पिल्लू आणावं?
— एक वाचक

उत्तर

बाई, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं, की त्यात घरातल्या सगळ्यांची मतं आहेत, भाच्याचंसुद्धा आहे, फक्त तुझं नाही. पिल्लाची घाण कोण काढणार आणि दुपारची भाकर त्याला कोण घालणार, हेही तू लिहिलं नाहीस. ते मी समजले. म्हणून हे उत्तर तुला लिहिते, बाकीच्यांना वाचून दाखवायचं तर खुशाल दाखव.

तुझे मामंजी बैल घ्यायला बाजारात जातात तेव्हा काय करतात, आठव. तोंड उघडून दात पाहतात, दोन दाती आहे की चार दाती की जुळला. खांद्यावरून हात फिरवतात, चालवून पाहतात, जमलं तर बंडीला जुंपून पाहतात. गाय असली तर कितव्या वेताची ते विचारतात, सड पिळून पाहतात. एवढं करूनही घरी येताना धाकधूक असतेच. आणि त्याच घरातला शिकलेला माणूस दहा-बारा वर्षं उंबऱ्यात राहणारं जनावर फोनवरचा फोटो पाहून घेतो, वर इसारही देतो!

मी हसत नाही. मी स्वतः अशीच फसले आहे. आमचे हे ढोराच्या दवाखान्यात ड्रेसर होते. गावोगावच्या गाई-म्हशींच्या जखमा बांधणाऱ्या माणसाच्या घरात, ते नसताना, मी शहरातल्या बाजारातून टोपलीतलं एक पांढरं पामेरियन आणलं. धाकट्यानं भर रस्त्यात भोकाड पसरलं होतं. विकणारा म्हणाला, इंजेक्शन झालेलं आहे. मी दाखला मागितला नाही. पिल्लू तीन दिवस घरभर नाचलं. चौथ्या दिवशी उलट्या, पाचव्या दिवशी रक्ताची हगवण, सहाव्या दिवशी सांदवाडीत खड्डा. हे परत आले आणि एवढंच बोलले, "त्याची माय पाहिली होती का?"

तो पार्व्हो होता. हा विषाणू पोटात गेल्यापासून दुखणं दिसायला साधारण तीन ते सात दिवस लागतात. म्हणजे विकणाऱ्याच्या हातातून पिल्लू उड्या मारत निघतं आणि तुझ्या ओसरीवर येऊन आडवं होतं. फोन केला तर तो म्हणणार, तुम्हीच काहीतरी खाऊ घातलं असेल. शिवाय हा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. आम्ही वर्षभर अंगणात दुसरं पिल्लू येऊ दिलं नाही. तुमच्या किंवा शेजारच्या अंगणात अलीकडं एखादं पिल्लू असं गेलं असेल, तर तेही आधी विचारून घे.

आता तुमच्या त्या तीस दिवसांच्या लॅब्राडॉरकडं येऊ. तीस दिवसांचं पिल्लू म्हणजे अजून अंगावरचं. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकू नये, असा 2017 पासून आपल्या देशात नियमच आहे, आणि पैदास करून विकणाऱ्यानं राज्य पशुकल्याण मंडळाकडं नोंदणी करायची असते. पण कायदा बाजूला ठेव. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून पिल्लं एकमेकांना चावत खेळतात. जोरात चावलं की भावंड किंचाळतं, खेळ मोडतं, माय दटावते. दात किती लावायचे ते पिल्लू तिथंच शिकतं. हे शिकायच्या आत उचललेलं पिल्लू ते धडे तुझ्या मुलीच्या हातावर गिरवणार. मग विकणारे एवढी घाई का करतात? महिन्याचं पिल्लू बोंडातून निघालेल्या कापसासारखं दिसतं, गिऱ्हाईक पाघळतं. दोन महिने ठेवायचं तर खाणं आलं, जंताचं औषध आलं, लसीचा खर्च आला.

"डबल बोन", "हेवी बोन" हे विकणाऱ्यांचे शब्द आहेत. ऐकायला भारी वाटतात, पण त्या नावाची कुठली जात नाही. आणि कागद? केनेल क्लबचा कागद खरा असला तरी तो वंशावळ सांगतो. सातबारा पाहून वावर कोणाच्या नावावर आहे ते कळतं, जमीन चिबड आहे की नाही ते पाहायला बांधावरच जावं लागतं. लॅब्राडॉरमध्ये मागच्या पायांच्या खुब्यांचं दुखणं पिढ्यान्‌पिढ्या उतरतं. चांगला पैदासकार आई-बापांच्या खुब्यांचे एक्स-रे काढून ठेवतो आणि मागितले की दाखवतो. भाच्याला विचार, त्यानं मागितले होते का?

यांना म्हणावं, आज रात्रीच त्या माणसाला फोन लावा. पिल्लू मायचं दूध पितंय ते व्हिडिओ कॉलवर दाखव म्हणावं. रविवारी आम्ही घरी येतो, पत्ता दे, नोंदणी क्रमांक दे. माय आजारी आहे, माय फार्मवर आहे, आज दुसरं गिऱ्हाईक येणार आहे, यातलं एक जरी उत्तर आलं तरी दोन हजारांवर पाणी सोडा. या धंद्यात पुढचे टप्पेही ठरलेले असतात. आधी इसार, मग गाडीभाडं, मग पिंजऱ्याचे पैसे, मग लसीच्या दाखल्याचे, आणि शेवटी फोन बंद. पिल्लू खरंच असलं, तरी खोक्यात घालून डिकीत टाकलेलं महिन्याचं बाळ दारव्ह्याच्या स्टँडवर कोणत्या हालतीत उतरेल, ते सांगायला नको.

लॅब्राडॉर आणूच नये, असं मी म्हणत नाही. नीट ठेवणारे लोक नागपूर-अमरावतीकडं आहेत. ओळख एवढीच, की ते घरात बोलावतात, माय दाखवतात, आणि तुलाच उलट प्रश्न विचारतात. दिवसभर घरी कोण असतं? मे महिन्यात कुठं ठेवाल? नाही जमलं तर आम्हाला परत कराल ना? पण मे महिन्याचा प्रश्न तू स्वतःलाही विचार. या जातीचं मूळ कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटाकडचं, बर्फासारख्या पाण्यात मासेमारांना मदत करणाऱ्या कुत्र्यांचं. अंगावर केसांचे दोन थर. आपल्याकडं पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला जातो तेव्हा त्याला सावली, पाणी आणि कूलर लागतो. कूलर कोणाच्या खाटेकडं वळवायचा यावरून तुमच्याकडं आधीच वाद असेल, त्यात एका वाटेकऱ्याची भर पडेल. (हस्की किंवा सेंट बर्नार्ड या बर्फाळ मुलखातल्या कुत्र्यांचं नाव कोणी काढलं, तर त्याला माझ्याकडं पाठव.)

मामंजींचं म्हणणं मला जास्त पटतं. फक्त "उचलून आणू" हा शब्द मला खुपतो. फुकट मिळालेलं पिल्लूही पाहूनच घ्यायचं असतं. तिथं तुझी सोय अशी, की माय समोर आहे, दहा मिनिटांच्या वाटेवर, आणि तिला कोणी लपवून ठेवत नाही.

आधी पिल्लं कोणत्या दिवशी झाली ते कोठ्याच्या मालकाला विचार. त्या दिवसापासून आठवडी बाजार मोज. आठ बाजार पूर्ण होईपर्यंत पिल्लू मायजवळच राहू दे. तोवर तुझ्या वेचणीचा जोरही ओसरेल, म्हणजे पहिले पंधरा दिवस तू घरी सापडशील. यात तुझा स्वार्थ आहे आणि तो असू दे.

मध्ये दोन-तीनदा वावरात जा, मुलीलाही ने. माय तुमच्यावर गुरगुरेल. ओली बाळंतीण आहे, गुरगुरू दे, जवळ जाऊ नका. पण तिचा रोजचा माणूस भाकर घेऊन आला की ती शेपूट हलवत येते, कोपऱ्यात दबून बसते की त्याच्याही अंगावर धावते, ते लांबून पाहा. भेदरट किंवा खुनशी मायची पिल्लं घ्यायची नाहीत, दिसायला कितीही गोड असोत. पिल्लांचे डोळे स्वच्छ हवेत, नाक वाहत नको, शेपटीखाली घाण लागलेली नको. पोट टम्म आणि बरगड्या वर आलेल्या दिसल्या तर पोटात जंत आहेत. कोपऱ्यात एकटंच बसलेलं पाहून मुलीच्या डोळ्यांत पाणी येईल. पहिल्यांदाच कुत्रं पाळणाऱ्या घरानं ते घेऊ नये, आणि भावंडांना तुडवत धावणारंही घेऊ नये. हाक मारल्यावर येणारं, हातात घेतल्यावर थोडं वळवळून मग शांत होणारं पाहा.

आणि आतापासूनच त्या मायला रोज एक भाकर पाठव. तुझ्या पिल्लाचं दूध त्यातूनच येणार. ढोराच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारून पाचही पिल्लांना जंताचं औषध पाज. दोन आठवड्यांपासून ते दर पंधरा दिवसांनी देतात आणि खर्च किरकोळ असतो. पशुसंवर्धन खात्याच्या फिरत्या गाडीसाठी 1962 या क्रमांकावरही विचारता येतं. पार्व्हो आणि डिस्टेंपर (हाही पिल्लांना मारणारा आजार) यांची पहिली लस सहा ते आठ आठवड्यांची असताना, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं पुढचे डोस, चार महिन्यांचं होईपर्यंत. सरकारी दवाखान्यात या लसी असतीलच असं धरून चालू नको, आधी विचार. बाहेरून आणायची झाली तर बर्फात ठेवून आणावी लागते, खिशात घालून नाही. डोस पुरे होईपर्यंत पिल्लाला गावातल्या कुत्र्यांत आणि उकिरड्यावर सोडायचं नाही.

पाचांत माद्या किती, तेही विचार. आपल्याकडं नर आधी उचलले जातात आणि माद्या पोत्यात घालून दुसऱ्या गावच्या फाट्यावर सोडतात. हे सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी बोलत नाही. गावठी मादी राखणीला नराइतकीच तिखट असते आणि कमी भटकते. सहा महिन्यांच्या सुमारास तिची नसबंदी करून घ्यायची तयारी असेल, तर मादीच घे, असं मी म्हणेन. तालुक्याला सोय नसली तर अकोल्याची पशुवैद्यक संस्था आहे, नागपूरला सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यक महाविद्यालय आहे. ती तयारी नसेल तर मादी आणू नको. नाहीतर दीड वर्षानं तेच पोतं तुझ्या हातात येईल.

सासूबाईंची भीती मात्र तू पत्रात एका ओळीत गुंडाळलीस, ते मला बरोबर वाटलं नाही. या घरात सगळ्यात खरं भय त्यांचंच आहे. रेबीज झाला की माणूस वाचत नाही, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्यांना समजावायला जाऊ नकोस, काम सांग. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस, पुढं डॉक्टर सांगतील तेव्हा आणि मग दर वर्षी. तो दाखला सासूबाईंच्या ताब्यात, त्यांच्या डब्यात. तारीख चुकली की त्यांनी घर डोक्यावर घ्यावं. आणि घरातल्या सगळ्यांना, मुलीलाही, हे पाठ करायला लाव: कोणत्याही कुत्र्याचा किंवा लहान पिल्लाचा दात लागला किंवा नखानं ओरखडा निघाला, तरी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जायचं. हळद, मिरची, चुना काही भरायचं नाही. सुयांचा कोर्स पुरा करायचा. वावरात गेल्यावर पिल्लांशी खेळताना ओरखडा निघाला तरी हेच.

आणि यांचं काय करायचं? इसार बुडाला तर चारचौघांत त्यांना टोमणे मारू नका. दोन हजारांत माणूस शहाणा झाला, बाजारात याहून महाग धडे मिळतात. त्यांनी मुलीला कबूल केलं होतं ते पिल्लू. लॅब्राडॉर हे नाव भाच्यानं घातलं. मुलीला कोठ्यावर घेऊन जायचं काम त्यांनाच दे.

एक शेवटचं. पिल्लू आणायच्या आठ दिवस आधी एक जुनं पोतं मामंजींच्या हाती दे आणि ती माय निजते तिथं टाकायला सांग. आणायच्या दिवशी पिल्लासोबत तेही घरी आण आणि त्यावरच त्याला निजव. पहिल्या तीन-चार रात्री ते रडेल, मायचा वास आला तर जरा कमी रडेल. पोतं घाणेरडं दिसेल, सासूबाई नाक मुरडतील. पण महिनाभर ते धुवू नकोस.

— माई