त्या मुलीला उत्तर द्या

इंदूरच्या एका मराठी ख्रिस्ती भगिनींचे पत्र टांझानियातील मोशीहून आले आहे. वय 67. निवृत्त यजमानांबरोबर, साठवलेल्या पैशांतून, 18 महिन्यांच्या मिशनसेवेसाठी त्या तिथे गेल्या आणि त्यांपैकी 7 महिने सरले. यजमान दिवसभर शाळेच्या हिशेबात असतात. त्या पाणी उकळून गाळतात, मच्छरदाणी खोचतात आणि संध्याकाळचे सहा वाजण्याची वाट पाहतात, कारण तेव्हा इंदुरात साडेआठ होतात आणि लेकीचा फोन येतो. ‘इथे माझी कुणालाच गरज नाही, मी एकटी परत येऊ का?’ असे त्यांनी विचारले आहे.

ताई, सलाम.

यजमानांविषयी तुम्ही दोन पाने लिहिली आहेत. ते काम करायला गेले आहेत आणि काम करत आहेत, एवढेच मी त्यावर म्हणेन. माझे लक्ष तिसऱ्या पानावर, पाण्याच्या आणि विजेच्या तक्रारींमध्ये अडकलेल्या एका ओळीवर खिळले: ‘शेजारची शाळकरी मुलगी रोज सकाळी फाटकाशी थांबून शिकामो की असेच काहीतरी म्हणते, मी हसून मान हलवते आणि दार लावून घेते.’

शिकामो हा तिथल्या किस्वाहिली भाषेत वडीलधाऱ्यांना करायचा नमस्कार आहे आणि त्याचा मूळ अर्थ ‘तुमचे पाय धरते’ असा सांगतात. त्यावर मोठ्या माणसाने ‘मराहाबा’ म्हणायचे असते. म्हणजे 7 महिने एक लेकरू रोज तुमच्या पाया पडत आहे आणि तुम्ही आशीर्वाद न देता दार लावत आहात. इंदूरच्या रामबागेत एखाद्या शेजारणीची नात वाकली असती, तर तुम्ही अशी आत गेला असता का? हे वाचून मला राग आला, आणि तो मी लपवणार नाही.

तिथल्या बायका वेळ पाळत नाहीत, हीही तुमची तक्रार आहे. पुस्तकात तीन म्हणजे ‘तातू’ असे पाहून तुम्ही त्यांना ‘सा तातू’ला चहाला बोलावले आणि दुपारी तीनला कुणीच आले नाही. ताई, किस्वाहिलीत दिवसाचे तास सकाळी सहापासून मोजतात, त्यामुळे सा तातू म्हणजे तिसरा तास, सकाळचे नऊ. दुपारच्या तीनला सा तिसा, म्हणजे नववा तास, म्हणतात. त्या बिचाऱ्या नऊला येऊन, तुम्ही बाजारात गेलेल्या असताना, कुलूप पाहून परतल्या असतील.

आजोबा इंदूर ख्रिश्चन कॉलेजात शिकल्याचे तुम्ही अभिमानाने लिहिता. ज्या कॅनडाच्या मिशनने 1887 साली ते कॉलेज काढले, त्या मिशनच्या माणसांनाही माळव्यात येऊन आधी हिंदी गिरवावी लागली होती. तुमच्यापुढचे काम त्यामानाने सोपे आहे. ज्या भाषेत चहाला चाय, चपातीला चपाती, गाडीला गारी आणि विम्याला बिमा म्हणतात, ती आपल्याला इतकी परकी वाटण्याचे कारण नाही.

परतीच्या तिकिटाचा विचार आज बाजूला ठेवा. उद्या सकाळी ती मुलगी येण्याआधी फाटकाशी जाऊन उभ्या राहा. ती शिकामो म्हणाली की स्पष्ट आवाजात मराहाबा म्हणा आणि लगेच विचारा, ‘जिना लाको नानी?’ म्हणजे तुझे नाव काय. शेवटचा शब्द इंदुरात राहिलेल्या माणसाला विसरणे शक्य नाही. उच्चार चुकला तर ती सुधारून देईल. शाळकरी मुलांना मोठ्यांची चूक सुधारायला फार आवडते. मग रोज तिच्याकडून एक शब्द मागून घ्या आणि संध्याकाळी लेकीला फोनवर तो ऐकवा.

मला उत्तर लिहाल तेव्हा पहिल्या ओळीत त्या मुलीचे नाव असू द्या. परत येण्याचे आपण त्यानंतर बोलू.