दगडावर तीन वर्षं, पण कुठल्या दगडावर?

"तीन वर्षं व्हायच्या आत नोकरी सोडली तर मी पळपुटा ठरेन का?" जपानमध्ये नोकरीला गेलेल्या मराठी मुलामुलींकडून हा प्रश्न वरचेवर येतो. त्यातलाच एक सत्तावीस वर्षांचा मुलगा. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) पुण्यात एन-३ (जपानी भाषेच्या परीक्षेची मधली पातळी) पर्यंत जपानी शिकून तोक्योतल्या सॉफ्टवेअर कंपनीत लागलेला, चौदा महिने झालेले. आमची समुपदेशनाची सत्रं ऑनलाइन, त्याच्याकडे रात्रीचे नऊ तेव्हा पुण्यात साडेपाच. वरिष्ठ त्याला ऐकवायचे, "इशि नो उए नि मो सान्नेन", दगडावरसुद्धा तीन वर्षं. घरून बाबा म्हणायचे, "टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही." दोन भाषांतून एकच उपदेश आला की तो जगाचा नियम वाटू लागतो.

थंडगार दगडही त्यावर तीन वर्षं बसलं तर ऊबदार होतो, हा म्हणीचा अर्थ. पण मूळ शब्द पाहा: त्यात क्रियापदच नाही. 'बस' किंवा 'सोस' असा हुकूम कुठेही नाही. सगळा जोर 'नि मो'वर, म्हणजे 'वरसुद्धा'वर आहे. हे धीराचं बोलणं आहे. आणि 'तीन' हा काही करारातला आकडा नाही. आरंभशूराला जपानीत 'मिक्का बोउझु', तीन दिवसांचा भिक्षू, म्हणतात. तिथे कोणी दिवस मोजत बसत नाही. जपानमध्ये पदवी घेऊन नोकरीला लागलेल्या दर दहांपैकी साधारण तिघं पहिली नोकरी तीन वर्षांच्या आत सोडतात, हे ऐकल्यावर तो पहिल्यांदा हसला.

त्याच भाषेत 'निगेरु गा काचि' अशीही म्हण आहे: पळ काढणं हाच विजय. म्हणी अशा उलटसुलट असतातच, आणि माणूस आपल्या सोयीची उचलतो. वरिष्ठ तर हमखास. नवख्याची चूक झाल्यावर 'दगडावर तीन वर्षं' म्हटलं तर तो दिलासा असतो. जादा काम कमी करा म्हटल्यावर तेच ऐकवलं तर ते तोंड बंद करणं असतं.

म्हणून पहिलं काम ठरलं ते दगड तापतोय का, हे पाहण्याचं. चार आठवडे, कामाचे वीस दिवस, रोज तीन नोंदी: किती तास जादा थांबलो, काल न येणारं आज काय आलं, आणि कोणाला काय विचारलं. घरी परतताना ट्रेनमध्ये, पाच मिनिटांत. ही वही बिघडते ती बहुधा शुक्रवारी रात्री आठवून लिहिल्यामुळे. थकल्या डोक्याला अख्खा आठवडा काळाच दिसतो. दुसरी चूक म्हणजे रिकामा रकाना ओढूनताणून भरणं. रिकामा तर रिकामा ठेवायचा.

त्याच्या वहीत जादा तास निघाले ३८. जपानी कायद्याची जादा कामाची सर्वसाधारण मर्यादा महिन्याला ४५ आणि वर्षाला ३६० तासांची आहे, म्हणजे ओढाताण होती, पण धोक्याची पातळी नव्हती. शिकण्याच्या नोंदी तेरा. विचारण्याच्या फक्त दोन!

खरी गाठ तिथे होती. बैठकीत न समजलेलं तो रात्री एकटा उकलत बसे, कारण विचारलं तर जपानी कच्चं आहे हे उघडं पडेल. यावर जपानी म्हण नेमकी आहे: 'किकु वा इत्तोकि नो हाजि, किकानु वा इश्शोउ नो हाजि'. विचारण्याची लाज क्षणाची, न विचारण्याची जन्माची. पण नुसती म्हण ऐकवून जीभ सुटत नाही. जेवणाच्या सुट्टीआधीची दहा मिनिटं ठरवली, रोज एकच प्रश्न, तोही तीन तुकड्यांत लिहून: मला काय समजलं, काय करून पाहिलं, कुठे अडलो. नुसतं 'वाकारिमासेन', समजत नाही, म्हटलं की समोरचा सगळं पहिल्यापासून सांगतो आणि दोघंही वैतागतात. पहिल्या आठवड्यात त्याने दोनदाच विचारलं, तिसऱ्यापासून रोज.

(ही वही सगळ्यांसाठी नाही. जादा तास महिन्यात शंभरावर किंवा काही महिने सरासरी ऐंशीवर जात असतील, तर ती धोक्याची पातळी: अतिकामाने आलेला हृदयविकार वा मेंदूचा झटका ठरवताना जपानी यंत्रणा हेच आकडे धरते. दोन आठवडे झोप उडालेली असेल, जिवाचं बरंवाईट मनात येत असेल, तर नोंदी बाजूला ठेवून आधी डॉक्टर. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी 'सांग्योउइ', म्हणजे कंपनीने नेमलेला डॉक्टर, असावाच लागतो. इथे 'निगेरु गा काचि' बिनदिक्कत लागू.)

विचारणं सुरू झाल्यावर सहा महिने बरे गेले. मग त्याची बदली जुन्या प्रणालीच्या देखभालीवर झाली आणि शिकण्याचा रकाना दोन महिने जवळजवळ कोरा राहिला. काम बदलून मागितलं, नकार आला. आता सोडायचं हे पक्कं होतं, आणि त्याला उद्याच राजीनामा द्यायचा होता.

'इसोगाबा मावारे', घाई असेल तर वळसा घे. ही म्हण शिगा प्रांतातल्या बिवा सरोवराच्या एका जुन्या कवितेतून आली असं मानतात. क्योतोकडे जाताना याबासे बंदरातून होडी जवळची, पण डोंगरावरून सुटणाऱ्या वाऱ्यात अडकायची. सेताच्या लांब पुलावरून फेरा पडे, पण पोहोचण्याची खात्री. त्याच्या बाबतीत वारा म्हणजे व्हिसा. नोकरी सुटली की चौदा दिवसांत इमिग्रेशनला कळवावं लागतं, आणि सबळ कारणाशिवाय तीन महिने त्या व्हिसाचं काम केलं नाही तर व्हिसा रद्द होऊ शकतो. म्हणून आधी नवी नोकरी लेखी हातात, मग राजीनामा. मुदत नसलेल्या करारावर नागरी कायद्याने दोन आठवड्यांची सूचना पुरते, तरी कंपनीच्या नियमावलीप्रमाणे त्याने एक महिना दिला. मुदतीच्या करारावर असाल तर आधी करार वाचा, तिथले नियम वेगळे आहेत.

तीन वर्षं व्हायच्या आतच तो नव्या कंपनीत रुजू झाला. बाबांना काय सांगायचं यावर अख्खं एक सत्र गेलं. शेवटी त्याने वहीच कॅमेऱ्यासमोर धरली, आधी तेरा नोंदींचं पान, मग कोरं पान. बाबांनी विचारलं, "मग टाकी चालतच नव्हती का?"