टाइमशीटमधले आठ तास

प्रश्न : मी २९ वर्षांची आहे. नागपूरच्या मिहान औद्योगिक क्षेत्रातल्या दोनशे जणांच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत अडीच वर्षं झाली. पद ‘टीम लीड’, पण काम कोडिंगचंच. रोज बारा-तेरा तास जातात, टाइमशीटमध्ये, म्हणजे कामाच्या तासांच्या नोंदीत, मात्र मॅनेजर आठच भरायला लावतो. कॉलवर सगळ्यांदेखत वाट्टेल ते बोलतो. झोप उडाली आहे. मनोविकारतज्ज्ञांनी तीन आठवडे विश्रांती सांगितली, तर एचआर म्हणते, ‘रिलीजनंतर बघू.’ सोमवारपासून जायचंच नाही असं वाटतं. पण ९० दिवसांची नोटीस आहे आणि तीन वर्षांचा बॉण्ड, आधी सोडलं तर दोन लाख भरायचे. काय करू?

उत्तर : सोमवारी जाऊ नका, पण न सांगता घरी बसूही नका. तसं केलंत की कागदावर ‘अ‍ॅबस्कॉन्डिंग’ म्हणजे ‘न सांगता पळून गेली’ असा शेरा लागतो आणि पुढच्या नोकरीच्या चौकशीत तो वर येतो. आजच डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडून एचआरला मेल करा, एक प्रत स्वतःच्या खासगी मेलवर ठेवा. ‘रजा मिळेल का’ असं विचारू नका. ‘वैद्यकीय सल्ल्यानुसार या तारखेपासून रजेवर आहे, शिल्लक रजा यात धरावी’ एवढंच लिहा. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला ८ किरकोळ रजा आहेत, शिवाय कामाच्या दर २० दिवसांमागे एक अर्जित रजा. तुमची शिल्लक तपासा, बहुतेक पडून असेल.

आता मुख्य गोष्ट. ‘वातावरण विषारी आहे’ या नावाचं कलम कुठेच नाही. कामाच्या तासांचं मात्र आहे. याच कायद्यात आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आहे, त्यावरच्या कामाला दुप्पट दराने पैसे. कंपनी म्हणेल, टीम लीड म्हणजे पर्यवेक्षक, हा कायदा यांना लागूच नाही. न्यायालय पदाची पाटी बघत नाही, काम बघतं. तुम्ही कुणाच्या रजा मंजूर करता? अप्रेझल, म्हणजे कामाचं वार्षिक मूल्यमापन, लिहिता? नसाल, तर तुमची बाजू भक्कम आहे.

अडचण आहे ती टाइमशीटची. त्यातले आठ तास तुम्हीच भरलेत, आणि कंपनी तोच कागद पुढे करणार. रात्री पावणेदोनला आलेला ‘झालं का?’ हा मेसेज, त्यावरचं तुमचं उत्तर, परतीच्या कॅबची वेळ, ‘आठच भर’ असं सांगणारी चॅट, हे सगळं तारखेनिशी जपा. मूळ फोन फॉरमॅट करू नका. अशा पुराव्यासोबत २०२३ च्या साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं, हा इलेक्ट्रॉनिक पुरावा कुठल्या उपकरणातून कसा घेतला हे सांगणारं, प्रमाणपत्र द्यावं लागतं. मात्र क्लायंटचा डेटा किंवा कोड स्वतःला पाठवू नका. तक्रारदाराचा आरोपी व्हायला तेवढं पुरतं.

‘वाट्टेल ते’ म्हणजे नेमकं काय, हे तुम्ही लिहिलं नाही. बोलण्यात लैंगिक शेरेबाजी असेल, तर कंपनीच्या अंतर्गत समितीकडे शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार द्या. ही मुदत लोक हमखास घालवतात.

बॉण्डचं ऐकून घाबरू नका, पण तो निव्वळ रद्दी आहे असंही समजू नका. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये एका सरकारी बँकेचा असाच दोन लाखांचा बॉण्ड वैध ठरवला. तिथे भरतीप्रक्रियेचा खर्च हा मुद्दा होता. तुमच्या कंपनीने प्रशिक्षणावर काय खर्चलं? करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे भरपाई वाजवी लागते, दोन लाख हा आकडा फार तर कमाल मर्यादा. नोटिशीच्या कलमात ‘किंवा त्याऐवजी पगार’ असे शब्द आहेत का तेही पाहा. असतील तर पैसे भरून लवकर सुटता येईल. नसले, तरी कुणी तुम्हाला खुर्चीला बांधून काम करून घेऊ शकत नाही. प्रश्न उरतो तो पैशाचाच.

राजीनामा द्याल तो बरं वाटल्यावर आणि दोन ओळींचा. त्यात राग नको आणि ‘वैयक्तिक कारणास्तव’ही नको, तब्येत आणि कामाचे तास यांचा उल्लेख असू द्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू आहे. तिच्यानुसार नोकरी सोडल्यावर देय वेतन दोन कामकाजी दिवसांत मिळायला हवं. ‘एफएनएफला (शेवटच्या हिशेबाला) ४५ दिवस लागतात’ हे एचआरचं पाठ झालेलं वाक्य आहे. दिलं नाही, तर नागपूरच्या कामगार आयुक्तालयात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.

आणि लॅपटॉप परत देताना सिरियल नंबर लिहून कुणाची तरी सही घ्या. हिशेब अडवायला बहुतेक वेळा तोच पुढे केला जातो.