मुलाच्या इंजिनिअरिंगची पूर्ण फी आई-वडिलांनीच भरावी का?

आपला प्रश्न असा आहे : पती-पत्नी दोघांचे मिळून वार्षिक उत्पन्न ८ लाख ४० हजार रुपये असल्यामुळे ईबीसी (आर्थिकदृष्ट्या मागास वर्गासाठीची) फी सवलत मिळत नाही, मुलाला कॅप (शासनाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) फेरीतून मिळू शकणाऱ्या खासगी महाविद्यालयाची फी वर्षाला १ लाख ६० हजार रुपये आहे, धाकटी मुलगी यंदा अकरावीत गेली आहे, आणि अशा स्थितीत मुदत ठेवी मोडून सगळी फी आपण भरावी की मुलाच्या नावावर कर्ज काढावे? माझे मत असे आहे की अर्धी फी आपण महिन्याच्या मिळकतीतून भरावी, उरलेल्या अर्ध्या फीसाठी मुलाच्या नावाने शैक्षणिक कर्ज घ्यावे आणि ठेवींना हात लावू नये. मी एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या सातारा जिल्ह्यातील शाखेत कर्ज विभागात बरीच वर्षे काम केले आहे आणि तेथे आपल्यासारखी अनेक कुटुंबे पाहिली आहेत.

सवलत न मिळाल्याची आपली खंत मला रास्त वाटते. ईबीसी सवलत म्हणून ओळखल्या जाणाऱ्या राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत कॅपमधून प्रवेश घेतलेल्या, ८ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलाच्या शिक्षण शुल्काची अर्धी रक्कम शासन देते. ८ लाखांच्या वर एक हजार गेले तरी काहीच मिळत नाही. म्हणजे पगारवाढीत दोन-चार हजार रुपये वाढले आणि त्यामुळे फीचा बोजा सत्तर-ऐंशी हजारांनी वाढला, असेही घडते. ही मर्यादा पायरीपायरीने उतरती असायला हवी होती, असे मी कायम म्हणत आलो आहे. मात्र ‘आमच्या पूर्ण फीतून दुसऱ्यांची मुले शिकतात’ हा आपल्या प्रश्नातला सूर बरोबर नाही. सवलतीच्या विद्यार्थ्याची उरलेली अर्धी फी शासन भरते. ती आपल्या खिशातून वसूल होत नाही. आणि ओळखीच्या माणसाने सुचवलेला कमी उत्पन्नाचा दाखला कृपा करून काढू नका. नोकरदाराचे उत्पन्न फॉर्म १६ वर (नोकरी देणाऱ्याने दिलेल्या पगार आणि करकपातीच्या दाखल्यावर) असते, तपासणीत खोटेपणा उघड झाला तर घेतलेली रक्कम परत करावी लागते, आणि ज्या मुलासाठी आपण हे करणार त्याच्याच प्रवेशाच्या कागदांत तो खोटा दाखला राहतो.

पूर्ण फी भरायचीच असेल तर ती नेमकी किती, हे महाविद्यालयाच्या खिडकीवर न विचारता शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पाहावे. विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांचे शिक्षण शुल्क आणि विकास शुल्क हे प्राधिकरण ठरवते. वसतिगृह, खानावळ आणि बस यांचा खर्च त्याहून निराळा असतो. ठरलेल्या फीवर कोणी देणगी मागितली तर ती देऊ नये. कॅपिटेशन फी घेण्यास महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने बंदी आहे. प्रत्येक रकमेची पावती घ्या, एवढे सांगून मी हिशेबाकडे वळतो, कारण आपला निर्णय खरा तेथेच होणार आहे.

चार वर्षांची फी ६ लाख ४० हजार होते. तिची निम्मी रक्कम, म्हणजे ३ लाख २० हजार, कर्जाने घेतली तर ते ४ लाखांच्या आत बसते आणि बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेनुसार ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही. आई किंवा वडील सहकर्जदार म्हणून सही करतात. बँक पैसे एकदम देत नाही, दरवर्षी ८० हजार थेट महाविद्यालयाला पाठवते. व्याज सोयीसाठी १० टक्के धरले, तर पहिल्या वर्षी ते महिन्याला सुमारे ६७० रुपये आणि चौथ्या वर्षी सुमारे २,६७० रुपये पडते. शिक्षण आणि त्यानंतरचे एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज चालूच असते, ही गोष्ट फार कमी पालकांना माहीत असते. या पाच वर्षांत काहीच भरले नाही तर सरळ व्याजाने १ लाख १२ हजार साठतात आणि मुलाची नोकरी ४ लाख ३२ हजारांच्या कर्जावर सुरू होते. म्हणून माझा आग्रह असा की मुद्दल मुलाचे असू द्या, पण हप्ता सुरू होईपर्यंतचे व्याज आपण दरमहा भरा. अनेक बँका असे व्याज भरणाऱ्यांना दरात थोडी सूटही देतात. तसे केले तर मुलाला पाच वर्षांत कर्ज फेडण्यासाठी महिन्याला सुमारे ६,८०० रुपयांचा हप्ता येईल, आणि साध्या पगाराच्या पहिल्या नोकरीतही तो झेपण्यासारखा आहे.

ठेवीवर सात टक्के मिळत असताना दहा टक्क्यांनी कर्ज का घ्यावे, असे आपण विचाराल. पूर्ण ३ लाख २० हजारांवर हा फरक वर्षाला ९,६०० रुपयांचा आहे आणि तो तोटाच आहे, हे मी मान्य करतो. तरीही तो सोसावा, कारण शिक्षणासाठी बँक दारात उभे करते, साठीनंतरच्या घरखर्चासाठी आणि औषधपाण्यासाठी करत नाही. भविष्य निर्वाह निधीतूनही मुलांच्या उच्च शिक्षणासाठी रक्कम काढता येते, आणि ती सहज मिळते म्हणूनच माणसे काढत राहतात. निवृत्तीच्या वेळी खाते जवळजवळ रिकामे असलेले वडील मी पाहिले आहेत. मग त्यांचा महिन्याचा खर्च त्याच मुलाने उचलायचा असतो, आणि तो ६,८०० रुपयांच्या हप्त्यापेक्षा कितीतरी मोठा असतो आणि पाच वर्षांत संपत नाही.

आणखी एक विनंती : हा सगळा हिशेब ऑप्शन फॉर्म (पसंतीच्या महाविद्यालयांची क्रमवार यादी) भरण्याआधी मुलासमोर मांडा. आमच्या शाखेत एक वडील मुलाची सही घेताना अर्जातल्या रकमेच्या रकान्यावर पासबुक ठेवून बसले होते. आकडा पाहून पोराच्या मनावर दडपण येईल, असे त्यांना वाटत होते. मुलगा मुख्य कर्जदार होता, म्हणून मी पासबुक बाजूला करून त्याला अर्ज वाचायला लावला. त्याने शांतपणे विचारले की हप्ता किती येईल आणि शासकीय महाविद्यालयातली दुसरी शाखा घेतली तर किती वाचतील. अठरा वर्षांच्या मुलाला एवढे समजते. यादीत कोणते महाविद्यालय कितव्या क्रमांकावर टाकायचे हे तोच ठरवणार असतो, तेव्हा फीचा आकडा त्याच्यापासून लपवणे योग्य नाही. जाता जाता, नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेच्या यादीत त्याची महाविद्यालये आहेत का, तेही याच वेळी पाहा. ८ लाखांवरील उत्पन्नामुळे तिच्यातली व्याजसवलत आपल्याला मिळणार नाही, पण तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळू शकेल.

आता मुलीबद्दल. मुलगा तिसऱ्या वर्षाला जाईल तेव्हा ती पहिल्या वर्षाला असेल. मुलींना पूर्ण शुल्कमाफी देणारा जुलै २०२४ चा शासन निर्णयही ८ लाखांच्या उत्पन्नमर्यादेतच आहे, म्हणजे तिचीही फी बहुधा पूर्णच भरावी लागेल. फी तेवढीच धरली तर त्या दोन वर्षांत वर्षाला ३ लाख २० हजार लागतील, म्हणजे आपल्या आजच्या उत्पन्नाच्या एक-तृतीयांशाहून अधिक. मुलाच्या वेळी ठेवी मोडल्या तर नेमक्या त्या दोन वर्षांत हाताशी काही उरणार नाही, आणि अशा वेळी तडजोड मुलीच्याच शिक्षणात होते. ‘तिला जवळच्या महाविद्यालयात बीएस्सीला घालू’ हे वाक्य मी आमच्या टेबलासमोर फार वेळा ऐकले आहे. अर्धे आपले, अर्धे कर्जाचे हाच हिशेब तिच्यासाठीही आजच लिहून ठेवा, आणि ठेवींच्या पावत्यांवर मुलाइतकाच तिचाही हक्क धरा.