नवा भुंगेरा, नवा जीनस: ठरवतं कोण?

प्रश्न: सर, चीनमधल्या गुहेत सापडलेल्या एका आंधळ्या भुंगेऱ्याला थेट नवीन जीनसच (जवळच्या जातींचा गट) देऊन टाकला असं वाचलं. नुसती नवी स्पीशीज (जात) म्हणून भागलं नसतं का? आणि हे ठरवतं कोण?

उत्तर: तुम्ही बहुतेक शुएडायटीस बेलसबद्दल वाचलंय. ग्वांग्शीमधल्या दुआनच्या चुनखडीच्या गुहेतला, जेमतेम ९ मिमीचा ग्राउंड बीटल (भुंगेऱ्यांच्या एका कुळातला), २०१७ मध्ये जाहीर झाला. डोळे नाहीत, उडायचे पंख नाहीत, आणि डोकं-मान इतकी लांबुडकी की पटकन मुंगीच वाटावी.

आता गंमत अशी की डोळे गेले, पाय लांबले एवढ्यावर नवा जीनस करता येत नाही, कारण अंधारात राहून राहून हे बदल जगभरच्या गुहांमधल्या अगदी लांबच्या भुंगेऱ्यांमध्येही आपापले होतात, त्यामुळे नुसतं दिसण्यावर गेलात की फसलात. म्हणून मग मायक्रोस्कोपखाली अंगावरचे ठराविक केस कुठे उगवलेत, जबड्याचे दात कसे आहेत, नराच्या जननेंद्रियाचा आकार कसा आहे (हसू नका, बऱ्याचदा निकाल तिथंच लागतो) हे सगळं जवळच्या जीनसशी ताडून बघतात, जमलं तर डीएनए पण.

ठरवणारी कमिटी वगैरे काही नसते हो. संशोधक वर्णन छापतात, एक टाइप स्पीशीज (जिच्याशी त्या जीनसचं नाव बांधलेलं असतं ती जात) नेमावीच लागते, नमुना म्युझियममध्ये ठेवतात. बाकीच्यांना नाही पटलं तर ते पुढे तो जीनस दुसऱ्यात विलीनही करून टाकतात, आणि असं चिक्कार वेळा झालंय.